प्रार्थनेची खोली : कामाची वही

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

उपासना झाल्यावर कमिटी बसली. चर्चच्या मागची स्टोअरची खोली यंदाच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी प्रार्थनेची खोली करायची, असं ठरलं. काम माझ्याकडे. कंपनीत मेन्टेनन्सला सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे मंडळीत नळ गळला तरी मला हाक आणि भिंतीला ओल आली तरी मलाच. लॉगबुक लिहायची सवय तिथलीच. म्हणून ही वही.

खोली १० बाय ८ फूट, उंची ११. एक खिडकी रस्त्यावर, एक दार पॅसेजमध्ये. सध्या आत: नाताळच्या गोठ्याचं सामान, भाता फाटलेली पेटी, चाळीसेक लोखंडी खुर्च्या, एक पत्र्याची ट्रंक, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या पानं सुटलेल्या प्रती, उंदराच्या लेंड्या.

पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "आपली मंडळी देवाशी बोलते भरपूर. आता ऐकायला एक जागा करा." खजिनदारकाका म्हणाले, "पंधरा हजारांत करा."

मुदत: ५ मार्च, भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तरुण संघाची सहा मुलं आली, चार टिकली. खोली रिकामी. भंगारवाल्याने खुर्च्यांचे दोन हजार तीनशे दिले, ते बजेटात धरायचे की नाही यावर काकांशी वीस मिनिटं.

ट्रंकेत जुनी वही निघाली. साखळी प्रार्थनेची यादी, संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. रात्री दोनच्या रकान्यात पानोपानी एकच नाव. चर्च झाडणाऱ्या मावशींनी बघितल्याबरोबर सांगितलं, "आमच्या सासूबाई. दवाखान्यात आया होत्या. रात्रपाळीत मधल्या सुट्टीत यायच्या, डबा न खाता." वर्ष कुठे लिहिलेलं नाही. वही मावशींना दिली.

१ मार्च, शनिवार

मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप टाकलं. संध्याकाळी सहा वाजता, दार-खिडकी बंद: ६४ डेसिबल. मोबाईलच्या मापावर माझा फारसा विश्वास नाही, पण आधी किती आणि नंतर किती एवढं कळायला चालतं.

आवाज कुठून येतो ते अर्धा तास बसून लिहिलं. पूलगेटकडे जाणाऱ्या बस. रिक्षा. शेजारच्या बिल्डिंगमधला मिक्सर आणि कुकर. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पाढ्यांची शिकवणी. मशिदीतली अजान. उद्यापासून रोजे, त्यामुळे महिनाभर संध्याकाळी वर्दळ वाढणार.

मुलं म्हणाली, अंड्यांचे ट्रे चिकटवू, यूट्यूबवर दाखवतात. ट्रेने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि फटी बुजवाव्या लागतात. आवाज पाण्यासारखा, बोटभर फट मिळाली की सगळा आत.

टिंबर मार्केटमधून जड फ्लश डोअर. बोहरी आळीतून रबरी गॅस्केट, कडी, बिजागऱ्या. खिडकीला आतून दुसरी काच, मध्ये चार इंच मोकळी जागा. एकूण १३,८४०.

४ मार्च, मंगळवार

दार बसलं. चारी बाजूंनी गॅस्केट, खाली रबराची पट्टी फरशीला घट्ट टेकलेली. संध्याकाळी सहा वाजता: ४५. दार लावलं की बँकेच्या लॉकररूममध्ये गेल्यासारखं वाटतं. पाळकसाहेबांनी आत उभं राहून टाळी वाजवली, मी बाहेरून ऐकली नाही. स्वतःच्या कामावर इतका खूश मी पुष्कळ दिवसांत झालो नव्हतो.

५ मार्च, भस्म बुधवार

खोली सुरू. आमच्याकडे कपाळाला राख लावत नाहीत, कॅथलिकांकडे लावतात. त्यामुळे मत्तयाचा सहावा अध्याय आमच्याकडे जरा ताठ मानेने वाचला जातो: उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नकोस. संदेश संपल्यावर निम्म्या मंडळीने आपण कुठकुठल्या दिवशी उपवास करणार ते एकमेकांना सांगितलं.

हिशेब: आजपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत (२० एप्रिल) ४६ दिवस होतात. मधले सहा रविवार उपवासाचे नाहीत, ते वजा केले की चाळीस.

पाळकसाहेबांनी संध्याकाळी शमुवेल वाचला. लहान मुलगा मंदिरात झोपलेला. रात्री नावाने हाक येते. तो उठून पळत म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे जातो, "हा मी, आपण मला बोलावलंत." एली म्हणतो, "नाही बाबा, झोप." असं तीनदा. मग एलीच्या ध्यानात येतं, आणि तो मुलाला शिकवतो की पुन्हा हाक आली तर म्हण, "बोल, तुझा दास ऐकत आहे."

पाळकसाहेबांचा मुद्दा असा की मुलाला ऐकू येत होतं, पण काय ऐकू येतंय ते कळत नव्हतं. एलीला कळत होतं, पण त्याला ऐकू येत नव्हतं. दोघं मिळून एक कान. आणि निरोप आला तो एलीच्याच घराण्याच्या शिक्षेचा. तो मुलाने सकाळी त्यालाच सांगायचा.

हे लिहून ठेवतोय, कारण तेव्हा माझं लक्ष निम्मं दाराकडे होतं. वरची बिजागरी किंचित कुरकुरते.

९ मार्च, रविवार

नियमांची बैठक. दोन तास. दिवस बुधवार आणि शुक्रवार ठरले. याला आधार जुना आहे. दिदाखे नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात, ढोंग्यांसारखा सोमवार-गुरुवारी उपवास करू नका, तुम्ही बुधवार-शुक्रवार धरा, असं सांगितलंय. पुण्यात तसेही सोमवार महादेवाने आणि गुरुवार दत्ताने आधीच घेतलेले.

खायचं काय यावर एकमत नाही. कॅथलिकांचं आखलेलं आहे: भस्म बुधवार आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वयाच्यांनी एकच पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा थोडं. आपल्याकडे असं लिहिलेलं काही नाही, म्हणून प्रत्येकाचा वेगळा कायदा. एका ताईंनी साबुदाण्याची खिचडी चालेल का विचारलं. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं कोणीतरी मागून म्हणालं. दानीएलाने तीन आठवडे फक्त मांस, द्राक्षारस आणि चवीचं अन्न सोडलं होतं. एस्तेरने तीन दिवस पाणीही घेतलं नाही. शास्त्रात दोन्ही आहे, त्यामुळे शास्त्र काढून भांडण मिटेना.

मग चहा. चाळीस मिनिटं फक्त चहा. पुण्याला हे नवीन नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसकट मंडळींनी चहा घेतला, तर त्यावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचा वाद, शंकराचार्यांपर्यंत गेलं. आमचं कमिटीपर्यंतच गेलं. निर्णय: कोरा चालेल, साखर आपापल्या विवेकाप्रमाणे.

एका भावाने "हा प्रकार प्रार्थना व उपवासाशिवाय निघत नाही" हे वचन काढलं. पाळकसाहेब म्हणाले की मार्काच्या काही फार जुन्या हस्तलिखितांत तिथे फक्त 'प्रार्थना' आहे, 'उपवास' नाही. नंतर कोणीतरी भर घातली असावी. भर घालणारा आमच्यासारख्याच एखाद्या बैठकीतून उठून गेला असेल.

तब्येतीचा विषय शेवटी निघाला. सगळे उठायच्या बेतात होते. "आपापल्या डॉक्टरांना विचारा," एवढंच ठरलं.

१२ मार्च, बुधवार

माझा पहिला उपवास. सकाळी काही नाही, दुपारी काही नाही. अकरापासून डोकं धरलं. भुकेने नाही, दिवसाचे पाच चहा बंद झाले म्हणून. शॉपवर एका ट्रेनीवर विनाकारण ओरडलो. संध्याकाळी भूक गेली आणि चिडचिड राहिली. उपवासात देवाच्या आधी स्वतःचा स्वभाव ऐकू येतो, असं दिसतं.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

दाराची खरी परीक्षा आज. कोपऱ्यावर डीजे. बाहेर ८८, आत ५१. छातीत धडधड जाणवते, कारण खालचे सूर भिंतीतूनच येतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही. पण शब्द एकही कळत नाही.

दुपारी तासभर मीच बसलो. पाळकसाहेबांनी सांगितलेली रीत: एक लहानसा उतारा हळू, मोठ्याने, तीनदा वाचायचा. जिथे अडकाल तिथे थांबायचं. त्यावरून जे मागावंसं वाटेल ते मागायचं. मग गप्प. ग्विगो नावाच्या एका कार्थुसियन साधूने बाराव्या शतकात या पायऱ्या लिहून ठेवल्या. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन म्हणतात, त्याच्या जवळपासचं.

माझ्या डोक्यात काय आलं, जसंच्या तसं: दोन नंबर पंपाचा सील. मुलीची फी. खिडकीच्या सिलिकॉनमधला बुडबुडा. दूध. पंपाचा सील परत. वीस मिनिटांनी कागद घेऊन हे सगळं लिहून काढलं, म्हणजे विसरायला मोकळा. नंतर दहाएक मिनिटं खरंच काही नव्हतं. देवही नव्हता. पण वाईट नव्हतं.

तरुण संघाचा सेक्रेटरी बाहेर येऊन म्हणाला, "काका, फार शांत आहे हो. आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं." मला ते कौतुक वाटलं.

१६ मार्च, रविवार

तुकाराम बीज. पाळकसाहेबांनी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची आठवण काढली. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. भजन झालं, टाळ कमी पडले.

साक्षीच्या वेळी एक भाऊ उभे राहिले. उपवासाच्या तिसऱ्या दिवशी, त्याच खोलीत, परमेश्वर त्यांच्याशी बोलला. म्हणाला, मंडळीने रस्त्याकडची जागा भाड्याने द्यावी. त्यांच्या मेव्हण्याला दुकानासाठी जागा हवी आहे, हे कॅम्पात सगळ्यांना माहीत आहे.

पाळकसाहेब हसले नाहीत. "परमेश्वर बोलला असेल तर आम्हालाही बोलेल. आपण थांबू." नंतर मला म्हणाले, खोलीत एक वही ठेवा, त्यात दोन रकाने. काय ऐकलं, आणि कोणाला सांगून पाहिलं. दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्यावर काही करायचं नाही. बायबलमध्ये अंत्युखियाच्या मंडळीत पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौलाला वेगळं करा असं सांगितलं, ते पुष्कळ जण मिळून उपासना आणि उपवास करत असताना. आणि ते ऐकल्यावरही त्यांनी पुन्हा उपवास-प्रार्थना केली, मग माणसं पाठवली.

दोनशे पानी वही, पेन दोरीने बांधलं. ६५ रुपये.

२१ मार्च, शुक्रवार

रात्री साडेअकरा. दवाखान्यातून आत्ता आलो.

संध्याकाळी सातचा रकाना खजिनदारकाकांचा. वय ६७, मधुमेह पंधरा वर्षं. आज सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि उपवास धरला. घरी सांगितलं नाही, मत्तय सहा. सव्वासातच्या सुमारास आत हातपाय थरथरायला लागले, घाम आला, उठता येईना. त्यांनी हाका मारल्या. तीनदा, म्हणतात. दारावर हात मारला.

मी तेव्हा पॅसेजमध्ये ट्यूबचा चोक बदलत होतो. दारापासून बारा फुटांवर. मला काहीही ऐकू आलं नाही.

साडेसातला पुढच्या ताई आल्या, त्यांनी दार ढकललं तर अर्धं उघडून अडकलं. आत काका आडवे. मावशी शेजारच्या बिल्डिंगमधून साखर मोजायचं मशीन घेऊन धावत आल्या: ५२. सत्तरच्या खाली गेली की लगेच काहीतरी करायला हवं. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी ७८. मग बिस्किटं, मग रिक्षा. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलंय, कारण ती गोळी बराच वेळ काम करत राहते, साखर परत उतरू शकते.

काकी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं.

२२ मार्च, शनिवार

काका घरी आले. बरे आहेत. जेवले.

कंपनीत अपघात झाला की आम्ही मूळ कारणांचा तक्ता भरतो. सवयीने इथेही भरायला घेतला. पहिली ओळ लिहिली: "संबंधित व्यक्तीने प्रकृतीची माहिती दिली नाही."

लिहिलं आणि पेन थांबलं. हे वाक्य मी आधी लिहिलेलं आहे, जवळजवळ असंच.

२०११. कंत्राटी हेल्पर, बाविशीचा पोरगा. कन्व्हेयरवर काम चालू असताना स्विचला 'चालू करू नका' पाटी माझी होती. काम झालं असं समजून पाटी मीच काढली, तो आत आहे का ते न बघता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. लॉगबुकात मी लिहिलं, "हेल्परने सूचनांचे पालन केले नाही." खाली सही. कंत्राटदाराने त्याला महिन्याभरात काढलं. मला कोणी काही विचारलं नाही, कारण लॉगबुकात सगळं व्यवस्थित होतं.

मी हे विसरलो होतो असं म्हणणार नाही. त्याच्यावर दार लावलं होतं, गॅस्केटसकट.

खोलीत चार वेळा बसलो, काही आलं नाही. आलं ते घरी, जेवणाच्या टेबलावर, ही वही लिहिताना, काल दुपारपासून पोटात काही नसताना. वाणी वगैरे नाही. मला माझंच वाक्य वाचून दाखवलं गेलं, एवढंच.

वरची ओळ खोडली. तक्ता असा:
दार मी बनवलं. आतला आवाज बाहेर येणार नाही असं बनवलं.
घंटा नाही.
दारात पाहायला काच नाही.
आजारी कोण, गोळ्या कोणाला, याची यादी केली नाही. नऊ तारखेला घाईत उठलो.
माणूस एकटा होता.

२३ मार्च, रविवार

उपासनेनंतर कमिटीपुढे तक्ता वाचला. एक जण म्हणाले खोलीच बंद करा. काका स्वतः उठले, "खोली बंद करायची नाही. मी पुन्हा बसणार. खाऊन बसेन."

पाळकसाहेबांनी एलीयाचा भाग वाचला. तो पळून झुडपाखाली मरण मागत पडलेला. देवदूत येतो आणि आधी काय करतो तर भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. चाळीस दिवसांची चाल, वारा, भूकंप, अग्नी आणि ती शांत, मंद वाणी हे सगळं त्या दोन जेवणांनंतर. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, जेवणं माझ्या कधी लक्षात राहिली नव्हती.

ठरलं: प्रत्येक रकान्याला दोन माणसं. एक आत, एक बाहेर बाकावर. बाहेरच्याने जेवलेलं असावं. गोळ्या-इन्सुलिनवाले, गरोदर बाया, शाळकरी मुलं, नुकतंच आजारपण झालेले यांनी अन्नाचा उपवास धरायचा नाही, हवं तर मोबाईलचा धरावा. (शाळकरी मुलांनी यावर हरकत घेतली.)

२५ मार्च, मंगळवार

फॅब्रिकेशनवाले चाचा रोजे असल्यामुळे रात्री तरावीहची नमाज आटोपून साडेदहाला आले. दारात डोळ्याच्या उंचीवर ६ बाय १२ ची काच, खाली जाळी. फरशीची रबरी पट्टी काढून टाकली. तपकीर गल्लीतून आणलेली घंटा, बटण जमिनीपासून फूटभर वर, पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं.

मी काय झालं ते सांगितलं. चाचा ड्रिल थांबवून म्हणाले, "आजारी माणसाला रोजा नाही. प्रवाशालाही नाही. नंतर भरून काढायचा. कुराणातच आहे." मग दाराकडे बघून, "इतकं भारी दार कशाला केलं होतं पण?"

नवीन माप: ५६. मिक्सर ऐकू येतो. पाढे ऐकू येतात.

२९ मार्च, शनिवार

नगर रोडला जेझुइट या कॅथलिक संघाच्या विद्यापीठात गेलो. आमच्या पाळकसाहेबांची एका फादरांशी ओळख आहे. मौन साधनेत माणसांची काळजी कशी घेता, हे विचारायचं होतं. त्यांच्याकडे आठ दिवसांची, तीस दिवसांची मौन साधना असते आणि कोणालाही एकटं सोडत नाहीत, रोज एका अनुभवी माणसापाशी बसून काय झालं ते सांगायचं. सांगण्यात अर्धं गाळून पडतं, म्हणाले.

त्यांनी जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस यांचं सांगितलं. १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसात असताना त्यांना आपल्या पापांच्या शंकांनी घेरलं, तेव्हा देवाकडून उत्तर मिळेपर्यंत खाणार नाही म्हणून आठवडाभर अन्न सोडलं. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा केली, उपवास मोड. त्यांनी मोडला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलेला नियम असा की मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

मग मी २०११ चं बोललो. त्यासाठी गेलो नव्हतो, निदान तसं समजत होतो. फादरांनी उपदेश केला नाही. विचारलं, "हे तुम्हाला ऐकावंसं वाटत होतं का?" नाही म्हटलं. "ऐकून तुमचा काही फायदा?" नाही, उलट नोकरीला तीन वर्षं उरलीत. "आणि जाऊन सांगायचं ठरवलं तेव्हा कसं वाटलं?" मला शब्द सापडेना. भूक लागली, असं म्हणालो. खरंच लागली होती, कितीतरी दिवसांनी नीट.

वहीच्या पहिल्या रकान्यात लिहिलं. दुसऱ्यात फादर आणि पाळकसाहेब.

३० मार्च, रविवार

पाडवा. शेजाऱ्यांकडून श्रीखंड. रविवार होता म्हणून निभावलं.

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "देवाने सांगितलं म्हणता तर करा. घराचा हप्ता कोण भरणार तेही एकदा विचारून घ्या." तिचं नाव दुसऱ्या रकान्यात तिसरं.

५ एप्रिल, शनिवार

पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन (५ एप्रिल १९२२). तरुण संघाला घेऊन केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये. दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा नाही, मुलांनी दारात उभं राहून गाणी म्हटली.

मुक्तीत १९०५ च्या जानेवारीपासून मुली-बाया रोज प्रार्थनेला जमत होत्या, आणि जूनच्या शेवटी ती मोठी जागृती झाली. मुलांना तीच गोष्ट हवी होती, रात्री अचानक काय घडलं ती. मला मधले पाच-सहा महिने जास्त आवडले. रोज जमायचं, आणि तरी दळण, शिवण, पाणी भरणं सुटलेलं नाही. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते तिथल्याच बायकांनी छपाईचे खिळे जुळवून छापलं.

परतीच्या गाडीत सेक्रेटरीने विचारलं, रमाबाई उपवास करायच्या का? मी म्हटलं, त्यांचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले, १८७० च्या दशकात. पुढे त्यांनी दुष्काळातल्याच शेकडो मुली उचलून आणल्या. उपास आणि उपासमार यातला फरक त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव विचारतो तोच फरक आहे: तुम्ही जिवाला कष्ट देता, पण त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवता. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, जोखडाची बंधनं सोड, मग तू हाक मारशील तेव्हा मी 'हा मी आहे' म्हणेन. शमुवेलाच्या तोंडचेच शब्द, आता देवाच्या तोंडी.

पोरगं बराच वेळ बाहेर बघत होतं. मग म्हणालं, "काका, मग आपण वाचलेल्या जेवणाचे पैसे कुठे जातात?" कुठेच जात नव्हते. काकांना विचारून डबा ठेवला पाहिजे.

९ एप्रिल, बुधवार

कंत्राटदाराच्या जुन्या सुपरवायझरकडून नंबर मिळाला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

तो चिखलीत रिक्षा चालवतो. माझं नाव सांगितल्यावर "हां साहेब, बोला," म्हणाला, इतक्या सहज की मला वाटलं ओळखलं नाही. ओळखलं होतं. मी सगळं सांगितलं, पाटीचं, लॉगबुकाचं. मागे हॉर्न वाजत होते. तो म्हणाला, "मला माहीत होतं साहेब. पाटी तुम्ही काढली ते मी बघितलेलं." मग थोड्या वेळाने, "तेव्हा बोलला असता तर."

माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला की हे कागदावर लिहून द्याल का, वकिलाला दाखवतो, काही होतं का बघतो. देतो म्हटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

कागद केला. स्टॅम्पपेपर, नोटरी. कंपनीतही एक प्रत दिली. मॅनेजर वयाने लहान आहे, त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे आत्ता का?" चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू आहे, म्हटलं. ते त्याला उत्तर वाटलं नाही. वर कळवतो म्हणाला.

खोलीची घंटा एकदाही वाजलेली नाही. तरी सेल बदलून ठेवले.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जणांकडे. पाचवा, "मला तहान लागली आहे," काकांकडे होता. पुलपिटवर पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले आणि सुरुवातीलाच दोन घोट प्यायले. मंडळीत कोणी हसलं नाही, मग सगळेच हसले. चांगलं बोलले. चार मिनिटं.

जेवणाचा डबा मोजला: ११,२६०. निम्मे शेजारच्या वस्तीतल्या शाळेच्या पुस्तकांना, निम्म्यांवर अजून वाद.

खोलीतल्या वहीची सदतीस पानं भरली. चाळून पाहिली, नावं सोडून. बहुतेकांनी ऐकलंय ते अगदी साधं: भावाला फोन कर, हिशेब दाखव, झोप घे. आठ ठिकाणी पहिल्या रकान्यात "काही नाही" आणि दुसऱ्यात तरी कोणाचं तरी नाव. रस्त्याकडच्या जागेवाल्या भावाच्या ओळीपुढे दुसरा रकाना अजून कोराच.

१९ एप्रिल, शनिवार, पहाटे

रात्रभर साखळी प्रार्थना. दोन ते अडीच मावशींनी मागून घेतलं, सासूबाईंचा रकाना. बाहेरच्या बाकावर मी. पोळीभाजी खाऊन बसलोय, नियमाप्रमाणे.

रस्ता शांत. अ‍ॅपवर ३८, ते दार उघडं असतं तरी तेवढंच आलं असतं. आतून मावशींचं वचन वाचणं ऐकू आलं, अडखळत, तीनदा. मग गाण्याची एक ओळ. मग बराच वेळ काही नाही.

दोन वीस. काचेतून पाहिलं. भिंतीला डोकं टेकून बसल्यात, पदर सरळ. बारीक घोरण्याचा आवाज. उठवलं नाही. पुढच्या माणसाला मेसेज केला, तीन वाजता ये.

वरची बिजागरी अजून कुरकुरते, सोमवारी तेल. दार: आतला आवाज बाहेर नीट येतो.